बारा मात्रांचा ‘ये’

“गाठी मारा म्हणते मी. एकीच्या रांगेला एक गाठ, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. नुसती बोटं फिरवली की कळेल,” चहाचा कप ठेवायला टेबलावर जागा शोधत मास्तरांची बायको म्हणाली. जागा नव्हती. टेबलभर निळा झगा पसरला होता आणि झग्याच्या पाठीवर, तीन मापांच्या हुकांच्या तीन रांगांवर, मास्तर वाकले होते.

“अगं, मी आंधळा आहे का बोटं फिरवायला? लाल दोरा धाकटीचा, पिवळा मधलीचा, पांढरा थोरल्या बाईंचा. चार हात लांबून दिसेल.”

“तुम्हाला स्वतःचा चष्मा दोन हातांवर दिसत नाही.”

“तो डोळ्यावर असतो म्हणून दिसत नाही,” मास्तर म्हणाले आणि दाताने दोरा तोडला.

मास्तर नाट्यगृहाचे शिंपी. चाळीस वर्षं तिथल्या राजांना, भिकाऱ्यांना, नवरदेवांना आणि भुतांना त्यांनी कपडे शिवले. पण हा निळा झगा वेगळा. एका जुन्या संगीत नाटकातल्या एकाच गाण्यासाठी तो जन्माला आला होता. नाटकातल्या बाईचा नवरा वीस वर्षांपूर्वी निघून गेलेला. एका दुपारी दार वाजतं. ती दाराला पाठ टेकून उभी राहते, आणि उघडण्याआधी गाते:

पाऊल ओळखीचं, श्वास अनोळखी,
दारी कोण आलं, वाऱ्या, सांग की.
कडीवरचा हात माझा की परका,
जा म्हणू का त्याला, ये म्हणू की.

मग येतो तो शेवटचा ‘ये’. बारा मात्रा लांब. तो संपला की ती वळते, कडी काढते, दारातून नुसता उजेड येतो आणि पडदा पडतो. बाहेर कोण उभं होतं, हे चाळीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही.

आजवर अकरा जणींनी हे गाणं गायलं. मास्तरांनी अकराही ऐकल्या, पण विंगेतून, पाठीकडून. गाण्यातलं शास्त्र त्यांना कळत नसे, पाठी कळत. राग खांद्यांच्या मधोमध उमटतो, भीती मानेवर आणि आनंद कमरेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक जण रागाने ‘ये’ म्हणायची, की आलास तर ये, बघतेच तुला. एक जण इतकी घाबरून म्हणायची, की मास्तरांना वाटे आता ही दुसरी कडीही लावील. पण पहिल्यांदा गायल्या त्या थोरल्या बाई. त्यांच्या ‘ये’मध्ये राग, भीती, आनंद सगळं एका घागरीत भरल्यासारखं असे, आणि घागर काठोकाठ भरूनही थेंब सांडत नसे. मास्तर विंगेत उभे राहून बोटांवर मात्रा मोजत. दहा, अकरा, बारा. बाराव्या मात्रेला त्यांच्या स्वतःच्या अंगावर काटा येई.

आज दुपारी त्या गाण्याचा सोहळा होता. दिग्दर्शकाच्या डोक्यात एक कल्पना आली होती: तीन पिढ्यांच्या तीन गायिका, एकच गाणं, एकच झगा. मधल्या वेळात संगीताचे एक प्राध्यापक बोलणार. शेवटी थोरल्या बाई, अठरा वर्षांनी. काल माप बघायला आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या होत्या, “मास्तर, माझा श्वास उरलाय की नाही, मला माहीत नाही. लोक प्रेमाने टाळ्या वाजवतील. तुम्ही मात्र खरं सांगायचं.”

मास्तरांना एवढंच हवं होतं. तो ‘ये’ आणखी एकदा कानांनी ऐकायचा आणि खरं सांगायचं.

विंगेत, रंगमंचावर उजेड सांडू नये म्हणून, मिणमिणते निळे दिवे असतात. पहिली पाळी मधलीची होती. तिने झग्यात हात घातले, पाठ केली. मास्तर पिवळा दोरा शोधू लागले. निळ्या उजेडात पांढरा दोरा तेवढा चमकत होता. बाकी दोन्ही काळे.

“मास्तर, लावा ना! वाद्यं सुरू झाली!”

“लावतो, लावतो. श्वास आत घ्या जरा.”

“आत घेतलाय. बाहेर काढायला जागा द्या!”

अठरा हुक लागले. अठराव्या हुकाला मधलीचे डोळे विस्फारले, पण तिची वेळ झाली होती आणि ती तशीच रंगमंचावर गेली.

तिने गायला सुरुवात केली आणि मास्तरांना पाठीकडून दिसलं की कुठेतरी घोळ आहे. नेहमी तिची पाठ कशी वाऱ्यावरच्या पडद्यासारखी हलते! आज ती भिंतीसारखी उभी. ओळ अर्ध्यावर तुटत होती. ‘पाऊल...’ आणि श्वास. ‘ओळखीचं...’ आणि श्वास. ‘ये’ तर चौथ्या मात्रेला थांबलाच. पूर्ण शांतता. मग उरलेला ‘ये’ तिने कुजबुजून म्हटला. त्याच वेळी पाठीत कुठेतरी टर्र झालं.

मग टाळ्यांनी छप्पर उडालं.

प्राध्यापक ध्वनिक्षेपकापाशी गेले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “आजवर या गाण्यात आपण सूर ऐकला. आज प्रथमच आपण धाप ऐकली! चौथ्या मात्रेवरची ती शांतता... ती जागा या गाण्यात होती, आणि चाळीस वर्षं कुणाला दिसली नव्हती!”

“मला मारायला निघाला होतात का?” विंगेत मधली झग्यातून बाहेर पडत म्हणाली. “डोळ्यापुढे काजवे चमकले!”

बायको टॉर्च घेऊन धावत आली. तिने उजेड पाठीवर टाकला. “अहो, हा लाल आहे.”

“लाल?”

“धाकटीची रांग लावलीत तुम्ही हिला. गाठी मारा म्हटलं होतं.”

“टॉर्च बंद करा! उजेड बाहेर जातोय!” व्यवस्थापक दबक्या आवाजात ओरडला, आणि टॉर्च बंद झाला. धाकटी पाठ करून उभीच होती. मास्तर बोटांनी चाचपू लागले. लाल रांगेची पट्टी अर्धी उसवून लोंबत होती. तिच्यावर हुक राहणं शक्य नव्हतं. राहिली पिवळी.

“मास्तरकाका, हा पडतोय,” धाकटी म्हणाली.

“हाताने धर गं बाळा. एका हाताने छातीशी घट्ट धर, आणि सोडू नकोस.”

“मग कडी कशी काढू?”

“कडीचं नंतर बघू!”

नंतर कुणी बघितलं नाही. धाकटी पाच फुटांची काडी. झगा तिच्यावर दांडीवर वाळत घातल्यासारखा. उजवा हात छातीशी, डाव्याने पदर सावरावा तशी बाही सावरलेली. ती ‘ये’ म्हणाली, अगदी कोवळं, आणि वळलीच नाही. वळली असती तर पाठ उघडी पडली असती. तशीच समोर बघत उभी राहिली. दार बंद. पडदा.

पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

“तिने बोलावलं, पण दार उघडलं नाही!” प्राध्यापक चष्मा पुसत होते. “हृदयावर हात ठेवून ती म्हणाली, ये, पण आत, बाहेर नव्हे! मधलीने आपल्याला धाप दिली, धाकटीने आपल्याला बंद दार दिलं. आता थोरल्या बाई काय देतात, ते बघायला मी जिवंत आहे, याबद्दल मी कृतज्ञ आहे.”

विंगेत मास्तरांच्या हातात हुकांची अख्खी पट्टी आली होती. धाकटीने झगा ओढून उतरवताना ती सबंध निघाली, पांढऱ्या रांगेसकट.

“किती वेळ आहे?”

“प्राध्यापक बोलतायत तोवर. चार मिनिटं,” व्यवस्थापक म्हणाला.

“टाचण्या?” बायकोने विचारलं.

“गाणाऱ्या पाठीला टाचण्या? दुसऱ्या ओळीला रक्त येईल.”

थोरल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस, ताठ मान. त्यांनी झग्यात हात घातले, पाठीला वारा लागला आणि त्या थबकल्या. “मास्तर, पाठ कुठे आहे?”

मास्तरांनी रंगमंचावरच्या दाराकडे बघितलं. दोन फळ्यांचं दार. मध्ये फट. बाई दाराला पाठ टेकून गातात.

“बाई, तुम्ही गा. पाठ मी धरतो.”

“कुठून?”

“दारामागून.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं पाहणं फक्त चाळीस वर्षांनंतर जमतं. “ओढू नका बरं,” एवढंच म्हणून त्या निघाल्या.

दारामागे अंधार होता. कडी आधीच काढून ठेवली होती. फटीतून मास्तरांनी झग्याचे दोन्ही काठ बोटांत पकडले. पहिल्या ओळीलाच त्यांना कळलं की हे हुक लावण्याइतकं सोपं नाही. हुक स्थिर असतो. बाईंची पाठ नव्हती. ती भरत होती, ओसरत होती, मध्येच थबकत होती, आणि त्या प्रत्येक हालचालीबरोबर कापड द्यायचं, परत घ्यायचं, सुताचाही फरक होऊ द्यायचा नाही. जास्त दिलं तर झगा उतरेल. कमी दिलं तर बाई गुदमरतील. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. पुसायला हात नव्हता. बाई गात होत्या की बोलत होत्या, त्यांना कळेना. सगळा जीव दहा बोटांत जमला होता.

मग शेवटच्या ‘ये’आधीचा श्वास आला.

कापड बोटांतून सरकू लागलं. अर्धा इंच. पाऊण. मास्तर देत राहिले. एक इंच. थांबेल आता, थांबायलाच हवं. सव्वा. बाईंच्या पाठीत एवढी जागा होती हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि त्या पाठीचं माप त्यांना स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ होतं! मग ‘ये’ सुरू झाला असावा, कारण कापड सुता-सुताने परत येऊ लागलं. इतकं सावकाश, जणू कुणी विहिरीतून भरलेली कळशी ओढून घेतंय आणि पाण्याला हलूसुद्धा देत नाहीये.

शेवटी शेवटी बाई एक पाऊल पुढे झाल्या. मास्तर कापडाबरोबर ओढले गेले. त्यांचा खांदा फळीला लागला. दार उघडलं.

भर उजेडात, बाईंच्या मागे, एक घामाने निथळणारा म्हातारा उभा होता. तोंडात हुकांची पट्टी धरलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हात त्यांच्या पाठीशी.

पडदा पडला तरी कुणी टाळी वाजवली नाही. मग हळूहळू एकेक माणूस उभा राहिला, आणि सगळं सभागृह उभं राहिल्यावर कुठे पहिली टाळी वाजली.

“चाळीस वर्षं आपण विचारत होतो, दारामागे कोण,” प्राध्यापक म्हणाले, आणि ध्वनिक्षेपक तसाच सोडून निघाले. ते विंगेत धावत आले. “दार तिने उघडलंच नाही, तो आधीच आत होता! कल्पना कुणाची?”

“आमचीच,” दिग्दर्शक म्हणाला. त्याला अजून दम लागला होता.

“आणि सतरा मात्रा! मी मोजल्या. बाराच्या परंपरेला सतरा!”

रंगपटात थोरल्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. मास्तर दारात आले तसं त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. “तो प्राध्यापक आज चुकांनाही दाद देत होता. तुम्ही सांगा. कसा झाला?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “बाई, मी ऐकलाच नाही. अठरा वर्षं वाट बघितली आणि कानात एक अक्षर शिरलं नाही. मी कापड सांभाळत होतो.”

“हात्तिच्या!”

“पण सव्वा इंच लागला, बाई. शेवटच्या श्वासाला.”

“आणि पूर्वी किती लागायचा?”

“पूर्वी... सव्वा इंच जागाच नव्हती झग्यात. अर्धा इंच होता. झगा पाठीला बेतून बसायला हवा ना.”

बाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. “माप घेताना काय म्हणायचात तुम्ही मला?”

“श्वास सोडा, बाई. हलू नका.”

“आणि माझ्यामागून आलेल्या दहा जणींना?”

“तेच.”

“आणि सगळ्या जणी बारा मात्रा.”

“बारा,” मास्तर म्हणाले आणि मटकन खाली बसले. “देवा रे. सगळे म्हणायचे, घराण्याची शिस्त.”

बाई हसू लागल्या. हसता हसता शाल घसरली, केस सुटले, आणि शेवटी त्यांना डोळे पुसायला मास्तरांचाच रुमाल घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फोन आले. मधलीला झगा कालच्याइतकाच तंग हवा होता, चौथ्या मात्रेची शांतता लोकांना फार आवडली म्हणून. धाकटीला कालच्याइतकाच ढगळ. थोरल्या बाईंचा फोन आला नाही. साडेदहाला त्या स्वतःच जिना चढून आल्या, शिलाईच्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हात दोन्ही बाजूंना पसरले.

“घ्या माप,” त्या म्हणाल्या. “नवीन झगा. आणि या वेळी मी श्वास घेणार आहे.”

मास्तरांनी टेप त्यांच्या पाठीमागून फिरवून पुढे आणली. आतून बायकोने शेगडी बंद केली आणि हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाईंनी डोळे मिटले. श्वास आत जाऊ लागला. टेप मास्तरांच्या बोटांतून सरकू लागली.

“किती झालं हो?” बायकोने हलक्या आवाजात विचारलं.

“थांब,” मास्तर म्हणाले. “अजून भरतंय.”