डोंग्यातली सोयरीक

डोंगा काय, मी डोळे मिटून चालवतो! आमच्या आजानं गावचा तलाव बांधला. मी चालायला शिकायच्या आधी त्या पाण्यात खोड कोरून केलेल्या डोंग्यात बसलो. त्यामुळे सन पस्तीसच्या दसऱ्यानंतर माझ्या पोरीच्या, शामकलाच्या सोयरिकीसाठी "या, बोलून टाकू" असा निरोप आला, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बैलगाडीनं लय फेरा पडते. गाढवी नदीतून डोंग्यानं जाऊ. घंटाभरात पोचतो."

"दोन ठिकाणं तुमच्या तोंडापायी गेली," यशोदा म्हणाली. "ह्या खेपेले गुपचाप राहा. पोरीचं जमू द्या."

तलावातला डोंगा नदीपर्यंत बैलगाडीवरच न्यावा लागला, ते सोडा. काठावर मंगरू ढिवर जाळं सुकवत होता.

"मालक, नदीत कदी चालवला का?"

"पाणी तेच, मंगरू."

तो जाळं झटकत राहिला.

प्रवास झकास झाला. बांबू रेटायची गरजच नाही, डोंगा आपोआप पळे. घंटा व्हायच्या आत घाट दिसला. डोंग्यानं येतो असं आधीच कळवलं होतं, म्हणून घाटावर होणारे व्याही ईश्वरदास, त्यांचा लग्नाचा मुलगा उमराव आणि अर्धा गाव उभा. मी ऐटीत बांबू आडवा ठेवला, पागोटं नीट केलं, उभा राहिलो आणि हात जोडले.

"रामराम, ईश्वरदासजी."

"रामराम. या, या," ते म्हणाले.

आणि आम्ही पुढे निघून गेलो.

तलावात बांबू ठेवला की डोंगा थांबतो. जन्मभर थांबत आला होता. मी घाईनं बांबू उचलायला गेलो, तर तो हातातून निसटून पाण्यात पडला आणि आमच्याही पुढे धावू लागला.

ईश्वरदास धोतर सावरत काठानं पळत होते. "अवो, कुठं जाऊन राहिले?"

"तुमच्याचकडे आलो!"

"मंग उतरा ना!"

"डोंगा थांबूनच नाई राहिला!"

"गेलं, तिसरंही गेलं," म्हणत यशोदा रडायला लागली. बुडायचं सोडा, घरी वाट पाहणाऱ्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगणार?

पुढच्या वळणावर उंबराच्या फांद्या पाण्यावर वाकल्या होत्या. डोंगा त्यांत घुसून अडकला. उमरावनं पाण्यात उडी घेतली आणि आम्हाला काठाला ओढलं. पाय जमिनीला लागले तसा मी त्याला मिठीच मारली.

मागून ईश्वरदास धापा टाकत आले. त्यांनी मला पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं. मग ते यशोदेकडे वळले.

"इहीनबाई, खरं सांगा. पोरगी कोणावर गेली?"

"माझ्यावर," यशोदा डोळे पुसत म्हणाली. "पुरी माझ्यावर."

"मंग सोयरीक पक्की."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आपला अपमान झाला, हे मला परतताना कळलं, त्यांच्याच बैलगाडीत, अर्धा रस्ता संपल्यावर.