मांजराची मागची बाजू

ए, आधी गप बस आणि नुसतं ऐक. हसायचं ते नंतर हस. तो आपला पहिलवान आहे ना, जिममध्ये लोकांचा घाम काढणारा, दारातून तिरका होऊन आत येतो तो, तो चक्क मांजर भरत होता. कापडावर! क्रॉस स्टिच! फुलीवर फुली, फुलीवर फुली, आणि सुई त्याच्या बोटांत अशी दिसायची, जसं हत्तीने टाचणी धरलीये.

झालं असं, की त्याची होणारी बायको दातांची डॉक्टर. आणि तिची आई जन्मभर शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. पहिल्याच भेटीत तिला खूश करायला हा बोलून बसला, "मलासुद्धा भरतकामाची भारी आवड आहे, काकू."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "असं? मग रविवारी तुमचं घर बघायला येतेय, तेव्हा दाखवा काहीतरी. पुढचं मग ठरवू."

पुढचं म्हणजे लग्न! गडी घाबरला. मॅटीचं कापड आणलं, दोरे आणले, आणि शनिवारपर्यंत मांजर तयार. पुढून एकदम झकास. डॉक्टरीण म्हणाली, "अय्या, किती गोड!" मग तिने ते उलटं केलं आणि किडलेली दाढ दिसल्यासारखा चेहरा केला. मागे नुसतं जंगल. मिऱ्याएवढ्या गाठी. कानाचा काळा दोरा न तोडता पठ्ठ्याने थेट शेपटीपर्यंत उडी मारलेली.

"अरे, आई आधी मागची बाजू बघते! पुढून काय, कोणीही भरतं म्हणते ती. मागून माणूस कळतो म्हणते."

"मग आता?"

"उसव सगळं."

"अगं, उद्या सकाळी येतायत त्या!"

"मग मला नको विचारूस. मी दाढा उपटते, दोरे नाही."

मग याने स्वतःचं डोकं चालवलं. तिथेच घोळ झाला. कापड फ्रेमवर ताणलं आणि मागून पुठ्ठा लावून बंद केलं, म्हणजे कोणी उलटं करून बघायलाच नको. पण चिकटवलं कशाने? जिममधले रबरी मॅट चिकटवायच्या सोल्यूशनने! घरभर असा वास सुटला, की शेजारच्या आजोबांनी येऊन विचारलं, "काय रे, काही जळलं का कोणी गेलं?" त्यात खालून एक लांब दोरा बाहेर लोंबत राहिलेला. तो कापायला कात्री शोधली, तर ती टेबलालाच चिकटून बसलेली. राहू दे म्हणाला.

आता वासाचं काय? मोबाईलवर शोधलं. घरच्या घरी नैसर्गिक डिफ्यूजर! बाटलीत तेल, त्यात संत्र्याची साल आणि लवंगा, वर काड्या खोचायच्या. तेल काडीतून वर चढतं आणि खोलीभर मंद सुगंध. मंद वगैरे याला कुठलं पटायला! चार लवंगा सांगितल्या होत्या, याने डबा उपडा केला. सगळं प्रोटीनच्या शेकरमध्ये घालून दणादण हलवलं, बाटलीत ओतलं, बाटली शेल्फवर मांजराला खेटून ठेवली आणि काड्या नाहीत हे लक्षात यायच्या आधीच झोपला.

सकाळी डॉक्टरीण आधी आली. शेल्फकडे बघून किंचाळलीच. "हे काय? मांजराचा एक्स-रे काढलास?"

तो लोंबणारा दोरा रात्री बाटलीत पडला होता ना! काडी नव्हती, तर तेल दोऱ्यातून चढलं. दोऱ्यातून गाठीत, गाठीतून जंगलात, जंगलातून अख्ख्या कापडात. आणि तेल लागलेला कागद कसा आरपार दिसतो? तसं कापड झालेलं. मागचं सगळं पुढून दिसत होतं. मांजराच्या पोटातून काळा दोरा, मानेत गाठी, आतडी म्हणू नको, शिरा म्हणू नको! जे लपवायला एवढी मरमर केली, तेच भिंतीवर लावल्यासारखं समोर.

"लपव, लपव!" म्हणेपर्यंत बेल वाजली. काकू आल्या त्या सरळ शेल्फपाशीच गेल्या. नाक पुढे. कापडावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मग दोरा बघितला, बाटली बघितली.

"वास या मांजरातून येतोय," काकू म्हणाल्या. "हा दोरा तुम्ही मुद्दाम सोडलात?"

डॉक्टरणीने याच्या पायावर पाय दिला.

"हो," हा म्हणाला.

"आणि आत एवढा गुंता?"

"ते... तेल धरून ठेवायला, काकू."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "जन्मभर मुलींना गुंता दिसला की उसवायला लावलं मी. आणि तुम्ही त्याचा असा उपयोग केलात! लग्नाला माझी हरकत नाही."

झालं की मग, असं वाटलं ना तुला? थांब. काकू पुढे म्हणाल्या, "फक्त लग्नात प्रत्येक पाहुण्याला असं एकेक मांजर द्यायचं. माझ्या हातचं. ते मला जमलं की तारीख धरू."

आणि ते त्यांना जमतच नाही! हात इतका साफ, की गुंता होईचना. तेल दोन बोटं चढतं आणि थांबतं. आता दर रविवारी काकू भरतकामाची रिंग घेऊन याच्याकडे शिकायला येतात आणि हा जिममधल्यासारखा ओरडतो, "हात सैल, काकू! दोरा तोडू नका! मारा उडी, शेपटीवर मारा, बिनधास्त!" बिचाऱ्या डोळे मिटून टाका घालतात, तरी मागून छापल्यासारखा येतो. डॉक्टरीण म्हणते, "खरं सांगून टाक." हा म्हणतो, "सांगितलं तर लग्नच मोडेल." ती म्हणते, "नाही सांगितलंस तर म्हातारपणी होईल."

काल तर काकूंनी रिंग पुढे केली आणि इतक्या आशेने विचारलं, "बघा हो, आता तरी बिघडलंय का?"

मागची बाजू पुढच्याहून सुंदर होती गं. आता तूच सांग, त्याच्या जागी तू काय म्हणाली असतीस?