मधल्या खुर्चीतला आवाज

संपादिका पाच वाजता येणार होत्या आणि साडेचार वाजता निरीक्षक टीव्हीच्या टेबलाखाली पालथे पडले होते. बाहेर दिसत होत्या फक्त दोन टाचा.

"अहो, मोबाइलवरच ऐकवते ना मी. दहा मिनिटांची तर गोष्ट आहे," ग्रंथपालबाई त्या टाचांना म्हणाल्या.

"मोबाइलवर?" टाचा थरथरल्या. "तुझा आवाज म्हणजे काय रिंगटोन आहे?"

वीस वर्षं ग्रंथपालबाई शाळेच्या लायब्ररीत पोरांना गोष्टी वाचून दाखवत होत्या. एका प्रकाशनाला बालकथांच्या बोलक्या पुस्तकांसाठी आवाज हवा होता, आणि शेवटच्या दोघींत बाई उरल्या होत्या. संगीताबरोबर आवाज कसा बसतो, ते ऐकून संपादिका आज निकाल देणार होत्या. वीस वर्षांत बाईंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. ती आता नवऱ्याच्या टाचांच्या हवाली झाली होती.

निरीक्षक वजनमापे खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासून शिक्का मारायचा, हा धंदा. तराजू एकदा पुढून बघायचा, एकदा मागून बघायचा, हा खात्याचा नियम त्यांनी घरीही लागू केला होता. चपला, कलिंगड, पाहुणे, सगळं पुढून-मागून. आता घरात कन्व्हर्टर आला होता. मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी ही डबी साबणाएवढी आणि तिचं माहितीपत्रक उशीएवढं. डबीतून स्पीकरला जायच्या वाटा दोन. एक साधी, तिची वायर खोक्यातच मिळाली होती. दुसरी 'बॅलन्स्ड'. फुकट मिळालेली आणि चालणारी वायर वापरणं हा शहाण्या माणसाला अपमान वाटतो, म्हणून निरीक्षकांनी प्लग आणले, सोल्डरची कांडी आणली, आणि रविवारभर घरात धूर केला.

"बॅलन्स्ड म्हणजे काय ते समजून घे," टेबलाखालून प्रवचन आलं. "एकच आवाज दोन तारांतून जातो. एकीतून सरळ, दुसरीतून उलटा. वाटेत जी खरखर घुसते ती दोन्हींत सारखीच. स्पीकरमध्ये गेल्यावर उलटा परत सरळ होतो, तेव्हा त्यातली खरखर उलटी होते आणि पहिलीतल्या खरखरीला खाते. आवाज राहतो, खरखर कटाप!"

"म्हणजे आपल्यासारखंच. मी सरळ सांगते, तुमच्याकडे उलटं पोचतं."

"तसंच!"

"फक्त पुढे ते परत सरळ करणारं तुमच्यात काही बसवलेलं नाही."

टाचा आणखी आत सरकल्या.

स्पीकर दोन, वायरी दोन, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना एकेक, असे प्लग चार होते. प्रत्येकात तीन पिना, त्यांतली दोन नंबरची सरळ आवाजाची, तीन नंबरची उलट्याची. तीन प्लग निरीक्षकांनी मागून बघून जोडले, कारण सोल्डर मागेच लागतं. चौथ्याच्या वेळी त्यांना खात्याचा नियम आठवला. तो त्यांनी पुढून बघून जोडला. तपासणी पूर्ण झाली. शिक्का तेवढा मारला नाही.

मग त्यांनी टेप लावून खोली मोजली आणि दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली. फुलीवर खुर्ची आली. ती खुर्ची सासूबाईंची होती. सासूबाईंची रवानगी उजव्या स्पीकरला खेटून एका स्टुलावर झाली.

"आई, तिथं तुला आवाज चुकीचा येईल हं."

"मला मेलीला कुठं बरोबर येतोय? जोरात बोल म्हणजे झालं."

संपादिका आल्या. चष्मा गळ्यात अडकवलेल्या, घाईतल्या, पण चांगल्या बाई. त्यांना फुलीवर बसवलं.

"मान हलवू नका," निरीक्षक म्हणाले.

"दाढी करणार आहात का माझी?"

गोष्ट सुरू झाली. आधी बासरी आली, ती झकास आली. मग ग्रंथपालबाईंचा आवाज आला. म्हणजे कुठून तरी आला. जणू बाई विहिरीत पडल्या होत्या आणि विहीर शेजारच्या घरात होती. वीस वर्षं दंगेखोर वर्ग गप्प करणारा तो भरदार आवाज सर्दी झालेल्या डासासारखा खोलीत भिरभिरत होता. संपादिकांनी मागे वळून पाहिलं.

"आवाज माझ्या मागून येतोय का?"

"सगळीकडून येतोय!" निरीक्षक फुलले. "आजवर तुम्ही खरखरीसकट ऐकत होता. शुद्ध आवाज असा असतो."

"पोकळ?"

"पोकळ नाही. मोकळा."

चहाचा ट्रे घेऊन बाई पुढे आल्या. "अहो, मोबाइलवर..."

"थांब!" निरीक्षकांनी पडदे ओढले. काही फरक नाही. पंखा बंद केला. संपादिका घामाघूम झाल्या, आवाज तसाच. फ्रिज बंद केला, पुस्तकांचं कपाट हातभर सरकवलं, वरचा शब्दकोश स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. शेवटी त्यांनी आवाज दुप्पट केला. आता डासही दुप्पट झाला. एवढं करूनही नवरा चुकत नाही म्हटल्यावर चूक कोणाची उरते, हे सांगायला पंचांग लागत नाही.

"खरं सांगू का?" लंगडत निरीक्षक म्हणाले. "भारी यंत्र लपवत नाही काही. मूळ आवाजातच दम नसला, तर ते तरी काय करणार?"

ग्रंथपालबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. संपादिकांनी पर्स उचलली. "बघते मी. कळवते हं." हे 'कळवते' म्हणजे काय, ते नोकरी मागायला गेलेलं कुत्रंसुद्धा ओळखतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून खदखदून हसू आलं.

"अगं बाई! छत्री गिळली की मेल्या मगरीनं!"

सगळे वळले. सासूबाई स्टुलावर पोट धरून हसत होत्या. गोष्टीत मगरीने खरंच छत्री गिळली होती, आणि आता ती पोटात उघडली होती.

"तुम्हाला एवढं नीट ऐकू येतंय?" संपादिकांनी विचारलं.

"न यायला काय झालं? कानाशी बसून बोलतेय ना ती. आणि मगरीचा आवाज काय काढलाय सुनबाईनं! गप्प बसा जरा, ऐकू द्या."

संपादिका उठल्या.

"अहो, खुर्ची सोडू नका! मान..."

"मान माझी आहे," म्हणत त्या सरळ जाऊन स्टुलाजवळ फरशीवर बसल्या. उजवा स्पीकर कानाशी आला आणि त्यांचा चेहरा बदलला. मगर शिंकली तेव्हा त्या हसल्या. छत्री बाहेर आली तेव्हा त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यावर थाप मारली. गोष्ट संपल्यावर त्या फरशीवरूनच म्हणाल्या, "सोमवारपासून स्टुडिओत या."

"बॅलन्स्ड!" निरीक्षकांनी टाळी वाजवली. "म्हटलं नव्हतं?"

सोमवारी स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला बाईंनी सहज विचारलं, की मधे बसलं तर आवाज नाहीसा होतो आणि एका स्पीकरजवळ बसलं तर भरदार येतो, असं का?

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसू आवरत विचारलं, "प्लग घरी जोडलेत का? एका प्लगात दोन आणि तीन नंबर उलटे झालेत, मागून न बघता पुढून बघून जोडला की होतात. तुमचा आवाज दोन्हींत सारखाच, एक स्पीकर हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, मधे बसलेल्याला काय मिळणार? बासरी एकाच बाजूला असणार, म्हणून ती वाचली. पाच मिनिटांचं काम आहे, बाई. साहेबांना सांगा."

सांगायचंच, असं ठरवून बाई घरी आल्या. निरीक्षक फुलीवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मगरीची गोष्ट चालू होती.

"आलीस? ऐक, तुझ्या भल्यासाठी सांगतो. त्या बाई भोळ्या होत्या म्हणून निभावलं. आवाजात दम आण जरा. मी इथं बरोब्बर मधे बसून ऐकतो, मला कळतं."

ग्रंथपालबाईंनी प्लगची भानगड प्लगातच ठेवली. आतून एक स्टूल आणून त्यांनी उजव्या स्पीकरजवळ सासूबाईंच्या शेजारी मांडलं.

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. खरखर आहे."