तिसऱ्या ओळीची तब्येत

"मामा, ही तिसरी ओळ आजारी पडली पाहिजे," असं तेजस्विनीने अगदी सहज सांगितलं आणि धनराजमामांचा चहा कपातच राहिला. गिरणारे रस्त्यावर त्यांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी होती. तिथे उभं राहून असं अभद्र बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. दुसरं कुणी असतं तर मामांनी त्याला सरळ रस्ता दाखवला असता. पण ही पडली सख्ख्या बहिणीची मुलगी, त्यात शेतकी कॉलेजात पीएचडी करणारी. भाचीला नाही म्हणायचं नसतं, एवढं मामांना पक्कं ठाऊक होतं.

तिचा विषय तसा सरळ होता. रोपांच्या ट्रेमधून रोज कितीतरी पाणी खाली गळतं आणि वाया जातं. ते पन्हळीने हौदात गोळा करून पुन्हा रोपांना देता येईल का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी तिने शेडमध्ये ट्रेच्या तीन ओळी मांडल्या. पहिलीला बोअरचं ताजं पाणी, दुसरीला हौदातलं पण वाळूच्या फिल्टरमधून गाळलेलं, आणि तिसरीला हौदातलं जसंच्या तसं. न गाळलेल्या पाण्यातून एका रोपाचा रोग दुसऱ्याला लागतो, म्हणून फिल्टर हवाच, हे तिला सिद्ध करायचं होतं. थोडक्यात, तिसऱ्या ओळीने मरावं आणि तेजस्विनीने डॉक्टर व्हावं, असा बेत होता.

मामांनी सगळं ऐकून मान डोलावली. डोक्यात मात्र एवढंच शिरलं, की भाचीची परीक्षा आहे आणि ती आपल्या दारात आहे. आता परीक्षेला बसवलेलं पोर नापास व्हावं असं कुणाला वाटेल? शिवाय धनराजकडचं रोप मरत नाही, असं हरसूल-पेठपर्यंतचे शेतकरी एकमेकांना सांगायचे. मामांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतं. ते नाव त्यांना जिवापलीकडे प्यारं होतं.

लवकरच तिसऱ्या ओळीत मर लागली. रोपं बुडाशी काळी पडून आडवी व्हायला लागली. नेमका त्याच दिवशी हरसूलचा गोटीराम रोपं सांगून ठेवायला आला. जुनं गिऱ्हाईक, आल्यावर शेडमधून एक चक्कर मारल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. तिसऱ्या ओळीपाशी तो थबकला.

"धनराजभाऊ, तुमच्याकडं मर?"

एवढंच तो बोलला, पण मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोग आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं खरं, पण रोपं मुद्दाम मारायला ठेवलीत हे कुठल्या तोंडाने सांगायचं, ते काही सुचेना. दुसऱ्या दिवशी तेजस्विनी यायच्या आत त्यांनी मेलेली रोपं उपटली आणि तिथे आपल्या धंद्याच्या ट्रेमधली तजेलदार रोपं खोचून दिली. मग रोज सकाळचा तोच उद्योग झाला. तेजस्विनी बिचारी चक्रावून गेली. हौदाचं पाणी तपासलं तर रोगाची बुरशी त्यात सुखाने नांदत होती, आणि त्याच पाण्यावर रोपं टकाटक. तुझ्या हाताला गुण आहे, असं मामांनी तिला दोनदा सांगितलं.

मामांची ही चोरटी लगबग धोंडाबाईंच्या नजरेतून सुटली नव्हती. धोंडाबाई म्हणजे मामांच्या आई, तेजस्विनीची आजी. त्यांना संशोधनातलं काही कळत नव्हतं, पण लेक रोज मेलेली रोपं पदराआड लपवल्यासारखी टॉवेलात गुंडाळून नेतो, हे दिसत होतं. आणि रोपं मरण्याचं कारणही त्यांना स्वच्छ दिसत होतं. एका रोपाने पिऊन टाकलेलं पाणी दुसऱ्याला पाजायचं म्हणजे उष्टं पाजणं झालं. मोठ्या झाडाला एक वेळ चालेल, पण ही तर दुधपिती लेकरं. पुढच्या खेपेची रोपं उगवून आली तशी त्या भल्या पहाटे उठायच्या, तिसऱ्या ओळीच्या नळीचा कॉक बंद करायच्या आणि कळशीने बोअरचं पाणी घालायच्या. चांगल्या कामाचा बोभाटा करू नये म्हणून त्यांनी हे लेकालाही सांगितलं नाही.

इकडे मामा टॉवेलात ताजी रोपं घेऊन जावेत तर तिसऱ्या ओळीत एकही रोप मेलेलं नाही. आज नाही, उद्याही नाही. रोपांना त्या पाण्याची सवय झाली, असा मामांनी निष्कर्ष काढला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मागच्या खेपेला केलेली अदलाबदल आता कुणाला सांगायचं कारण उरलं नव्हतं. मन असं हलकं झालं की माणसाला स्वतःचं खोटंही खरं वाटू लागतं.

तेजस्विनीचे गाइड सर पाहायला आले आणि हरखून गेले. फिल्टरची गरजच नाही, शेतकऱ्याचा केवढा खर्च वाचला, असं ते तिथेच म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात एका परिषदेत चारचौघांसमोर सांगूनही आले. फिल्टर निघाला. त्यातली वाळू मामांनी घरापुढच्या ओट्यावर पसरली.

मग उन्हाळा आला आणि बोअरने मान टाकली. मामा निश्चिंत होते. भाचीच्या संशोधनाचा पहिला लाभ मामाने नाही घ्यायचा तर कुणी, असं म्हणत त्यांनी अख्खी शेड हौदाच्या पाण्यावर घेतली. त्यात गोटीरामची रोपंही होती. धोंडाबाईंनी पहाटे उठून कळशी उचलली. पण हातात कळशी एक, आणि बोअरला पाणी नाही. करणार काय?

मर लागली ती वणव्यासारखी. एका बाजूने सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबली. गोटीराम पिकअप घेऊन आला तेव्हा शेडमध्ये देण्यासारखा एक ट्रे नव्हता. तो चिडला असता तर मामांना बरं वाटलं असतं. त्याने आडवं पडलेलं एक रोप उचलून हातात धरलं.

"भाऊ, मल्चिंगचा कागद आंथरून भोकं पाडून ठेवली मी रानात," तो म्हणाला. "आता त्यात काय लावू?"

मामा चहाचं विचारायलाही विसरले. रिकामी पिकअप खडखडत निघून गेली, आणि तो खडखडाट मामांच्या कानातून दिवसभर गेला नाही.

संध्याकाळी तिघं ओट्यावर बसली. धोंडाबाईंनीच सुरुवात केली. "मी पाजीत व्हते त्यांला चांगलं पानी. तुमच्या त्या उष्ट्यावर नव्हती जगली ती." मामांनी आईकडे पाहिलं, मग खाली मान घालून आपल्या टॉवेलाची हकिगत सांगितली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणून झाल्यावर भाची आता काय बोलेल, या धास्तीने त्यांनी डोळेच मिटून घेतले.

तेजस्विनी रागावली नाही. ती ओट्यावरची वाळू नखाने उकरत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचं नाही, आजीचं. एक दिवस लवकर आले, तर ती कळशी घेऊन वाकलेली दिसली. मी गाडी फिरवली आणि अर्ध्या तासाने आल्यासारखी आले."

"मंग बोलली का नाय?" मामांनी विचारलं.

"सर सगळ्यांना सांगून आले होते. सगळे माझं कौतुक करत होते. मला ते आवडलं होतं, मामा."

आता एकमेकांना बोल लावायला तोंड तरी कुणाला उरलं होतं? दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते काय बोलले हे तिने घरी कधी सांगितलं नाही.

पाऊस होऊन बोअर वर आल्यावर प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. फिल्टर बसला. आजीने देवापुढे शपथ घेतली. गोटीरामने दुसरीकडून रोपं नेली. त्याची पिकअप नर्सरीसमोरून गेली तेव्हा थांबली नाही, आणि मामांनीही बाहेर येऊन हात केला नाही.

एके दुपारी तेजस्विनीला मामांचा फोन आला.

"तेजू, तिसरी ओळ गेली गं."

"सगळी?"

"सगळी. एकबी नाय राहिलं. दुसरी उभी हाय."

तेजस्विनीला नाचावंसं वाटत होतं, पण मामांचा आवाज ऐकून तिला ते जमेना. हात तर नाही ना लावला, असं तिने हळूच विचारलं.

"नाय," मामा म्हणाले. "नुसता जवळ बसून व्हतो." मग नाक ओढत त्यांनी विचारलं, "आता अभिनंदन म्हणायचं आसतं का?"

"म्हणा, मामा."

मामांनी म्हटलं. पलीकडून धोंडाबाईंचा आवाज येत होता. धनराज एवढा रडतोय म्हणजे कोण गेलं, असं त्या घरातून विचारत होत्या.