रुग्ण आपले कोण?

प्रोग्राम लिहिणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात, हे मोजता येत नाही, ही गंभीर बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. सबब, मापनसाहेबांची नेमणूक झाली. ते पूर्वी कापडाच्या धंद्यात होते. काहीही समोर आलं की ते मोजून मोकळे होत. त्यांनी आल्या आल्या एकक ठरवलं: बटण. स्क्रीनवर जितकी बटणं, तितकं काम. पुढच्या कामाच्या खर्चाचा अंदाजही त्यावरच.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी बारकीने रुग्णवाहिका बोलावण्याचं अ‍ॅप केलं होतं. उघडायचं, लाल बटण दाबायचं, गाडी दारात.

"एकच?" साहेबांनी फोन उलटा करून पाठीमागेही पाहिलं.

"हो सर. छातीत कळ आल्यावर माणसाला दुसरं सापडत नाही."

"त्याचं राहू द्या, तुमचं सांगा. वर्षभर पगार घेतलात आणि एक बटण? अहो, माझ्या शर्टाला जास्त आहेत!"

"सर, ते एकच ठेवायला वर्ष लागलं."

"महिनाअखेरीस शर्टाच्या पुढे जा. नाहीतर खुर्ची रिकामी करा."

घर बारकीच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. ती कामाला लागली. लाल बटणानंतर 'नक्की?' आलं. मग 'अगदी नक्की?'. मग 'रुग्ण आपले कोण?', आणि इथे मराठी भाषा धावून आली. इंग्रजीत एका 'अंकल'वर भागलं असतं. इथे काका, मामा, मावसा आणि आत्याचे यजमान मिळून उत्पादकता चौपट झाली. सासरकडचे वेगळे.

"आपली भाषा किती समृद्ध आहे!" साहेब गहिवरले. बारकीचा सत्कार ठरला.

सत्कारात ढाल हातात देता देता साहेबांनी छाती धरली. "गाडी... बोलवा!"

बारकीने फोन काढला. नक्की. अगदी नक्की. "सर, तुम्ही माझे कोण?"

"अगं, साहेब!"

"साहेब हे बटण नाहीये. नात्यातलंच निवडावं लागेल."

"मामा कर!"

"सख्खे की चुलत?"

शेवटी लोकांनी त्यांना उचलून कुणाच्या तरी गाडीत घातलं. साहेब वाचले. शुद्धीवर येताच त्यांनी नर्सकडून कागद मागवून शेरा लिहिला: 'साहेब' हे बटण तातडीने वाढवावे; सख्खे व चुलत असे दोन प्रकार ठेवावेत.

हसताय ना? हसा. अ‍ॅप तुमच्याही फोनमध्ये आहे. त्यातलं 'सर्व अटी मान्य' हे एकच बटण मोठं आणि सोपं ठेवलंय. ते तुम्ही न वाचता दाबलंतही.