यादीबाहेरील सुभानजी काटकरांची बखर

श्री काळभैरव समर्थ. आदि ज्याचा कोणी पाहिला नाही आणि अंत ज्याचा कोणास ठाऊक नाही, त्या काळास नमस्कार करून शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी जे महायुद्ध जाहले त्याची हकिकत लिहितो. ऐसे युद्ध पूर्वी जाहले नाही आणि पुढे होणे नाही. पुढील युद्धाची तीथ वेशीवर लाविली आहे, ती पाहून घ्यावी.

त्या राज्यात गगनराव म्हणोन महाप्रतापी पुरुष. पंखांवाचून उडत आणि मुठीने डोंगर फोडीत. पहिले मोहिमेस निघाले तेव्हा परत येतील न येतील हे कोणास ठाऊक नव्हते, म्हणोन शहरात तीन दिवस चूल पेटली नाही, आणि आले तेव्हा म्हातारी माणसे रस्त्यात बसून रडली. दुसरे मोहिमेसही तैसेच. मग गगनरावांनी एक घोडी पैदा केली. ती वाटेने न चालता सालांतून चाले. टाच मारिली की पुढील साल, लगाम ओढिला की मागील साल. मग खासा स्वारी पुढे जाऊन सर्व पाहून आली आणि दिवाण अंताजीपंत यांनी यादी करून वेशीवर डकविली की, चौथे मोहिमेत गगनराव पाताळात उतरतील, पाचवीत त्यांचे लग्न होईल, सहावीत दाढी पांढरी होऊन ऐन युद्धात विनोद करितील. लोक संतोषले, आणि त्या दिवसापासून कोणास धास्ती म्हणोन राहिली नाही.

एक जिऊबाई काटकरीण तेवढी राहिली. तिचे यजमान सुभानजी हे गगनरावांचे ढालकरी, तीस वर्षे खाशांच्या डाव्या अंगास उभे. बाईस अक्षर येत नव्हते, म्हणोन तिने देवळातल्या गुरवाकडून यादी तीन वेळा वाचवून घेतली. चौथी मोहीम, पाचवी, सहावी, सुभानजींचे नाव कोठे आले नाही. गुरव म्हणाला, खालची ओळ फाटली असेल, वहिनी. ओळ फाटली नव्हती. मग ही गोष्ट शहरभर जाहली आणि लोक सुभानजींशी फार गोड वागू लागले. शिंप्याने नव्या अंगरख्याचे माप घेतले नाही, म्हणाला, घाई काय आहे, परत आल्यावर बघू. शेजारी धोंडजी, ज्याने मधल्या भिंतीवरून अकरा वर्षे भांडण चालविले, तो आपण होऊन आला आणि म्हणाला, भिंत तुमची. सुभानजी घरात येऊन म्हणाले, "जिऊ, भिंत मिळाली." जिऊबाईने भाकरी थापता थापता पदर डोळ्यांस लाविला आणि धूर फार जाहला म्हणाली.

मग ती दिवाणांकडे गेली आणि पदर पसरून बोलली की, एवढे एक नाव कोपऱ्यात तरी लिहावे. अंताजीपंत भला गृहस्थ. त्यांनी बसावयास पाट दिला, ताक दिले, आणि म्हणाले, "बाई, खासे मरणार नाहीत हे पोराबाळांस ठाऊक. शत्रू हरणार हे शत्रूस ठाऊक. अवघ्या मोहिमेत न ठरलेले असे तुमचे यजमान तेवढे उरले. त्यांचेही ठरवून टाकिले, तर युद्ध पाहावयास तटावर चढेल कोण?" ताक मात्र आणखी एक वाटी दिले.

मग तिसरी मोहीम जाहली. शत्रू लोहासुर, सात हात उंच, परंतु यादी त्यानेही वाचिली होती, म्हणोन आरंभापासूनच खिन्न दिसला. शहर तटावर फुटाणे खात बसले. गगनराव आकाशातून कोसळले, लोक म्हणाले, उठतील. गगनराव रक्त ओकले, लोक म्हणाले, अजून लग्न व्हायचे आहे. खाशांसही हे ठाऊक, म्हणोन ते वार चुकवीत नव्हते, आणि दोन वेळा जांभई दिली. सर्वांच्या नजरा ढालकऱ्यावर, आणि जिऊबाईची नजर जमिनीवर. बाई युद्ध नुसते ऐकत होती. मग लोहासुराने गदा उचलून खाशांच्या मस्तकावर घातली, खासे हलले नाहीत, हलावे ऐसे कारण नव्हते, आणि सुभानजी मध्ये गेले. ढाल फुटली आणि छातीही फुटली. गगनराव त्यांचे डोके मांडीवर घेऊन म्हणाले, "सुभानजी, मला काय होणार होते? यादी वाचली नव्हती काय?" सुभानजी म्हणाले, "वाचली होती, महाराज. गदा दिसली तेव्हा आठवली नाही." इतके बोलून कामास आले. तटावर कोणी फुटाणा चावला नाही. मग गगनराव बहुत दिवसांनी खरे रागावले आणि लोहासुरास मारिले. ते ठरलेलेच होते, म्हणोन तो मजकूर लिहीत नाही.

मग शहर रडले. सवय मोडली होती, म्हणोन उचकी लागावी तैसे रडले. चौथे दिवशी अंताजीपंत जिऊबाईच्या दारी आले आणि बोलले की, लोक फार दुखावले, सबब घोडी सज्ज केली आहे. मागील सालांत सुभानजी पुष्कळ आहेत, त्यांतील एक आणितो; लग्नाआधीचे निवडिले आहेत, ढाल चांगली उचलतात. तुमची ओळख त्यांस नसेल, तेवढी करून घ्यावी. नाव यादीतील पुढील तिन्ही मोहिमांत चढविले. ही वार्ता पंतांच्या आधीच गल्लीत पोहोचली होती, आणि बाहेर माणसे डोळे पुसून हसू लागली होती.

येणेप्रमाणे तिसरी मोहीम. फत्ते जाहली, शत्रू बुडाला, आपल्याकडील एक पडला, तोही परत यावयाचा.

जिऊबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "आणायचे तर आणा, पंत. आधी तेरावा मात्र होऊ द्या. आचारी सांगून ठेवलाय."