चित्रं स्वच्छ करून पाठवा

फुटलेल्या ताऱ्याच्या ढिगाऱ्यात त्याचा गाभा उरायला हवा. रेडिओ, अवरक्त आणि क्ष-किरण अशा तिन्ही प्रकाशांत शोधूनही तो सापडत नाही, असा वेधशाळेतल्या ताईंचा शोधनिबंध मागच्याच आठवड्यात छापून आला होता आणि गाजलाही होता. त्याच्या जोरावर आज दुपारी बारा वाजता समिती त्यांची नोकरी कायम करणार होती. आणि सकाळी नऊ वाजता दुसऱ्या एका गटाने तो गाभा जाहीर केला. डाव्या कोपऱ्यात, तिन्ही प्रकाशांत, ढळढळीत!

ताईंनी लगेच रेडिओ दुर्बिणीवरच्या काकांना फोन लावला.

“काका, तुमच्या चित्रात डावीकडे ठिपका होता का हो?”

“होता की! म्हटलं, कुणाचा तरी मोबाईल चालू राहिला असेल. काढून टाकला. तुम्हीच लिहिलं होतंत ना, चित्रं स्वच्छ करून पाठवा म्हणून?”

लिहिलं होतं खरं. ताईंच्या टेबलावर कप ठेवायचा तर लोक आधी कपाचं बूड पुसून घेत.

अवरक्तवाला आधी कानावर हात ठेवून मोकळा झाला. मग हळूच म्हणाला, “खरं सांगू? वाटलं, आमचंच यंत्र बिघडलंय. तुम्ही ओरडाल म्हणून पुसला.”

क्ष-किरणवालीला तर आनंदच झाला. “अय्या, तुम्हाला कळलं कसं? दोन दिवस लागले ताई, पण कसा सफाईने काढला की नाही?”

ताईंनी फोन ठेवला. तिघांनीही तो आपल्याच घरचा डाग समजून झाकला होता, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. बोल लावायचा कुणाला? पत्र त्यांचंच होतं. आयुष्यात इतकं हताश त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बारा वाजता त्यांनी समितीपुढे सगळं सांगून टाकलं. संचालकांच्या हातात त्या गटाचा निबंध होता.

“ताई, नोकरीचं काही होणार नाही आता,” ते खाली बघत म्हणाले. “पण या शोधात तुमचं नाव आलंय.”

“माझं?”

“शेवटी, आभारात.” संचालकांनी चष्मा वर केला आणि वाचलं, “‘त्यांच्या चित्रांतला डावा कोपरा इतका स्वच्छ होता, की आम्हाला संशय आला.’”